भजनांच्या जुन्या कॅसेटी शोधा, मागचे बेडूक ऐकायचेत

समस्त ग्रामस्थ, माहेरवाशिणी आणि चाकरमानी मंडळींना नमस्कार.

आंबोली पट्ट्यातल्या आपल्या गावच्या लोक जैवविविधता नोंदवहीत झाडं, मासे, भाताचे वाण सगळं आहे. आवाज एकही नाही. म्हणून गेल्या मृगापासून आपल्या जैवविविधता समितीने देवराईत एक आणि सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, एक रेकॉर्डर बांधलाय. साबणाच्या वडीएवढं यंत्र दर 10 मिनिटांनी 1 मिनिट रेकॉर्ड करतं. 32 जीबीचं कार्ड पाचेक आठवड्यांत भरतं.

एका वर्षाच्या नोंदीने भागत नाही. 2009 मध्ये शास्त्रीय नाव मिळालेला, अतिसंकटग्रस्त आंबोली टोड हा बेडूक पहिल्या सरींनंतर कातळावरच्या पाण्यात अंडी घालून मोकळा होतो. ते मोजके दिवस पुढे-मागे सरकताहेत का, हे कळायला 10-20 वर्षं ऐकावं लागेल.

अमेरिकेत निसर्गाचे आवाज टिपणाऱ्या बर्नी क्राउस यांनी 1988 मध्ये लिंकन मेडो या कुरणाचं रेकॉर्डिंग केलं, आणि तिथली निवडक झाडं तोडल्यावर वर्षभराने पुन्हा. रान दिसायला तसंच होतं. पाखरांचा गलका मात्र जवळपास गेला होता. आधीची टेप होती म्हणून कळलं.

आपली आधीची टेप तुमच्या माळ्यावर असेल. चाकरमानी टू-इन-वन घेऊन गणपतीला यायचे नि भजनं भरून न्यायचे. तसली एक कॅसेट मिळाली. गजर संपतो, बुवा पाणी पितात, कुणीतरी खोकतं, आणि तेवढ्या अर्ध्या मिनिटात पडवीबाहेरचे बेडूक नि रातकिडे स्वच्छ ऐकू येतात. अशा कॅसेटी द्या. बुरशी आलेल्या, तुटलेल्यासुद्धा. उतरवून घेऊन परत करू. कव्हरवर साल आणि वाडी लिहिलेली असली तर फारच उत्तम.

शिवाय रिचार्जेबल पेन्सिल सेल, मेमरी कार्डं, एक हार्ड डिस्क आणि तिसऱ्या रेकॉर्डरसाठी वर्गणी हवी आहे. पावतीशिवाय कुणाच्याही हाती पैसे देऊ नका. नव्या चपला-बुटांच्या खोक्यातल्या सिलिका जेलच्या पुड्याही टाकू नका, आणून द्या. गेल्या आषाढात पुडी बदलायला आम्हीच विसरलो; सड्यावरचं कार्ड गंजलं आणि महिन्याची नोंद पाण्यात गेली.

आमचं बोलणंही त्यात भरलं जातं का, ही शंका वारंवार येते, म्हणून सांगतो. रेकॉर्डरखाली पाटी लावलेली आहे, आणि माणसांचं बोलणं आलेले तुकडे आम्ही पुसतो. देवराईत कुणी काय गाऱ्हाणं घातलं, ते देवाला माहीत असलं की पुरे.

कॅसेटी आणि वस्तू चतुर्थीला येताना आणाव्यात, ग्रामपंचायत कार्यालयात जमा कराव्यात.

जैवविविधता व्यवस्थापन समिती