किती दिवसांचा प्लॉट?

पलूस,
दसऱ्यानंतरचा रविवार

चि. माऊ,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू म्हणालीस, "अण्णा, मी शेतकऱ्यांना परत पत्रं लिहायला लागलेय. जाहिरातीला आता पैसे नाहीत, लीन मार्केटिंगच, कमी खर्चातलंच, करावं लागणार." आवाज पडलेला होता. पैसे संपले म्हणून मागे फिरावं लागलं असं तुला वाटतंय, हे मला तेवढ्यावरून कळलं. तेव्हा काही बोललो नाही. द्राक्षाच्या छाटणीचे दिवस, आपल्या शेती-औषधाच्या दुकानात काडीला लावायची पेस्ट न्यायला सकाळपासून माणसं उभी. रात्री शटर ओढलं आणि ठरवलं, हे बसून लिहायचं.

तुझी ती पहिल्या वर्षीची शनिवारची पत्रं माझ्याकडे आहेत. २२ शेतकऱ्यांना पाठवायचीस आणि तेविसावा मी. त्यातलं एक मला पाठ आहे. मणेराजुरीच्या एका बागेत पानांचा ओलावा मोजणारा तुझा सेन्सर रात्रभर कोरडं दाखवत होता आणि सकाळी मालकानं पाहिलं तर पानं चिंब. तू सरळ लिहिलंस, "चूक माझी. सेन्सर ओळीच्या बाहेरच्या खांबाला बांधला, तिथं वारा लागतो. तो पानांच्या आत, घडाच्या उंचीला हवा. तुमच्याकडचा कुठं बांधलाय तो उद्या बघून मला कळवा." मी ते छापून काउंटरला चिकटवलं होतं. त्या आठवड्यात दुकानात आलेली माणसं उभ्या उभ्या ते वाचायची आणि विचारायची, ही पोरगी कोण? माझी, हे मी नंतर सांगायचो. आधी त्यांचं वाचून होऊ द्यायचो.

मग तुझ्या कंपनीला गुंतवणूक मिळाली. आम्ही पेढे वाटले. पत्र आधी पंधरा दिवसांनी यायला लागलं, मग महिन्यानं, मग बंद. त्या जागी एजन्सीची जाहिरात आली. फेटा बांधलेला हसरा माणूस, हातात मोबाईल, मागं गव्हाचं शेत. माऊ, आपलं यंत्र द्राक्षाचं. तेव्हाच मी बोलायला हवं होतं. तू एवढ्या मोठ्या माणसांत वावरतेस, तुला दुकानदार बाप काय सांगणार, असं मनात आलं आणि गप्प बसलो. ते चुकलं माझं.

आता जे सांगतोय ते तुला अर्धंच माहीत आहे.

दुकानाबाहेरचा काळा फळा तुला आठवतो. तू त्यावर चित्रं काढायचीस आणि मी ओरडायचो. दुकान सुरू केलं तेव्हा बोर्ड रंगवायलाही पैसे नव्हते, म्हणून शाळेतून काढून टाकलेला फळा आणून भिंतीला ठोकला. रोज सकाळी त्यावर तीन-चार ओळी लिहायच्या. काल रात्री दव किती होतं, कुठल्या शिवारात पानावर तेलकट डाग दिसले, आज फवारणीची गरज आहे का नाही. "आज औषध मारू नका" असंही मी पुष्कळदा लिहिलंय. लोक म्हणायचे, औषध विकणारा माणूस औषध मारू नका म्हणतो. पण वाचायला थांबायचे. थांबले की बोलायचे. कुंडलचा माणूस सांगायचा नव्या फुटीचा पोंगा कसा निघालाय, आंधळीचा सांगायचा घड वाढायच्या आधीच जिरतायत. दुसऱ्या दिवशीच्या ओळी मला अशाच मिळायच्या.

तू आठवीत होतीस तेव्हा एका औषध कंपनीचा माणूस आला. नाव लिहीत नाही. एवढी पेटी खपवली तर परदेशवारी, आणि दुकानाबाहेर त्यांचा मोठा रंगीत फ्लेक्स, फुकट. फ्लेक्स लावायला भिंतीवर तेवढीच एक जागा होती. फळ्यावर ठोकला. मीच शिडी धरली होती.

त्या हंगामात धंदा वाढला. वारी झाली, तुला तिथून बाहुली आणली. पण दुकानापुढं थांबणं बंद झालं. लोक येत, बाटली घेत, जात. माझ्याकडं येणारी बातमीच आटली. त्याच हंगामात चार मैलांवरच्या बागांत दावण्या रोग शिरला आणि मला कळायला चार दिवस लागले. एरवी दुपारपर्यंत कळलं असतं. एक म्हातारे बाबा होते, कधी रुपयाची खरेदी केली नसेल, पण रोज फळा वाचून जायचे. ते एकदा आले, फ्लेक्सकडे बघत उभे राहिले आणि मला म्हणाले, "आता काय वाचायचं रं?" मला उत्तर देता आलं नाही.

२००९ च्या छाटणीआधी फ्लेक्स उतरवला आणि त्याच नोव्हेंबरात फयान वादळ आलं. बागा फुलोऱ्यात आणि वर पाऊस थांबेना. फळ्यावर मी लिहिलं होतं, पाऊस उघडायची वाट बघू नका, वेली हलवून पाणी झाडा, जमेल तिथं धुरळणी करा. दिवसातून तीनदा पुसून लिहीत होतो, कारण माणसं छत्री घेऊन येऊन त्यांच्या बागेत काय झालं ते सांगत होती. बागा सगळ्या वाचल्या नाहीत. फार गेल्या. पण त्या आठवड्यात माझ्या दुकानाला जेवढी माहिती होती तेवढी कुठल्या कंपनीला नव्हती. पुढच्याच वर्षी, २०१० ला, वेलीची वाढ रोखणाऱ्या क्लोरमेक्वाटचा अंश सापडला म्हणून आपली द्राक्षं युरोपात अडकली. ते औषध माझ्या रॅकवर होतं. माल बाहेर पाठवणार असाल तर हे नेऊ नका, असं मी फळ्यावर लिहिलं, आणि उरलेल्या बाटल्यांचं नुकसान सोसलं. त्या वर्षीची उधारी बेदाणा निघाल्यावर न मागता जमा झाली.

म्हणून सांगतो, लिहिणं हे तू खिसा रिकामा झाल्यावर धरलेलं काम समजू नकोस. तुझं पत्र जात होतं तेव्हा तुला उत्तरं येत होती. जाहिरातीला कोणी उत्तर देत नाही. फार तर बटण दाबतो. तूच सांगितलंस ना, जाहिरात बघून आलेल्यांपैकी बहुतेकांची यंत्रं पुढच्या छाटणीला खोक्यात पडली होती, आणि त्या पहिल्या २२ जणांतले जवळजवळ सगळे अजून वापरतात? या दोन गोष्टी तू वेगवेगळ्या सांगितल्यास. मला त्या एकच वाटतात. तू लिहीत होतीस, ते कळवत होते, तू यंत्र सुधारत होतीस. लिहिणं थांबल्यावर यंत्राचं सुधारणंही थांबलं, हे कुणाच्या लक्षात आलं नाही.

आपल्या दारातच याचा मोठा दाखला आहे. तुझे आजोबा किर्लोस्करवाडीच्या कारखान्यात मोल्डर होते, त्यामुळे किर्लोस्करांच्या गोष्टी तू लहानपणापासून ऐकल्यास, पण त्यातली ही बाजू आपण बोललो नाही. लक्ष्मणरावांनी लोखंडी नांगर काढला १९०३ साली. लोखंडानं जमिनीला विष चढतं अशी शेतकऱ्याची समजूत. पहिला नांगर खपायला दोन वर्षं गेली असं सांगतात. पुढं १९१० ला औंधच्या राजांच्या मदतीनं कुंडल रोड स्टेशनजवळच्या निवडुंगाच्या माळावर कारखाना उभा राहिला. आणि १९२० मध्ये त्यांचे पुतणे शंकरराव, हाडाचे चित्रकार, यांनी 'किर्लोस्कर खबर' सुरू केलं. नांगर आणि उसाचे चरक विकणाऱ्या कारखान्याचं पत्रक ते. त्याचंच पुढं 'किर्लोस्कर' मासिक झालं, मग १९३० ला 'स्त्री' आणि १९३४ ला 'मनोहर'. निवडुंगाच्या माळावरून सगळ्या महाराष्ट्राच्या घरात वाचायला गेलं. आजोबा वाचायचे, आजीला 'स्त्री' वाचून दाखवायचे. आजीनं जन्मात नांगर विकत घेतला नाही, पण कारखान्याचं नाव निघालं की ती घरच्या माणसासारखं बोलायची.

तूच मला मागे सांगितलं होतंस की अमेरिकेत जॉन डियर कंपनी 'द फरो' नावाचं शेतकऱ्यांचं मासिक १८९५ पासून काढते आणि ते अजून चालू आहे. तीही नांगराचीच कंपनी. मला त्याचं नवल वाटत नाही. नांगर एकदा घेतला की शेतकरी वर्षानुवर्षं दुकानात येत नाही. मधल्या काळात त्याच्याशी बोलायचं तर काहीतरी त्याच्या कामाचं हातात द्यावं लागतं. तुझंही तसंच आहे. सेन्सर एकदाच विकला जातो.

लीन हा शब्द मी नातवंडांच्या वयाच्या पोराकडून समजून घेतला, आपल्या दुकानात बसतो तो. त्यानं टोयोटाचं सांगितलं. युद्धानंतर त्यांच्याकडे पैसा नव्हता, तेव्हा ताइइची ओनो नावाच्या इंजिनिअरनं ठरवलं की पुढच्या टप्प्यानं मागितलं तेवढंच मागच्यानं करायचं, माल साठवून ठेवायचा नाही. मी म्हटलं, अरे, हे तर औषधाच्या दुकानात पहिल्या वर्षीच शिकावं लागतं. हंगामाआधी स्कीमच्या नादानं रॅक भरला आणि तारीख उलटली की त्या बाटल्या ना विकता येतात, ना ओतून देता येतात. तू जाहिरात तशीच भरून ठेवली होतीस. कुणाला, कुठल्या दिवशी, काय हवंय हे न विचारता.

आणि इथं मला तुला एक कामाची गोष्ट सुचवायची आहे. बाकी सगळं विसरलीस तरी ही धर. तुझं पत्र शनिवारी जातं. का? शनिवार तुझा आहे. द्राक्षवाल्याला वार नसतो. आपल्याकडे कुणी तारीख विचारतं का? "किती दिवसांचा प्लॉट?" हेच विचारतात. छाटणी झाली त्या दिवसापासून मोजायचं. एकाचा प्लॉट बारा दिवसांचा, पोंग्यात. त्याच्या बांधाला लागून दुसऱ्याचा चाळीस दिवसांचा, फुलोऱ्यात. दोघांना एकच पत्र पाठवलंस तर एकाला ते उशिरा पोचलं आणि दुसऱ्याला लवकर. छाटणीची तारीख तुझ्या यंत्रात नोंदलेलीच असते. त्याच्यावर पत्रं लाव. पोंग्याचं एक, फुलोऱ्याचं एक, मणी सेट झाल्यावरचं एक, मण्यात पाणी उतरायला लागलं की एक. दर हंगामात तीच पत्रं पुन्हा जातील, फक्त त्या वर्षी जे नवीन दिसलं ते भरायचं. याला पैसा लागत नाही. तुला एकटीला झेपेल.

दुसरं सांगतेय ती तुझी आई, मी फक्त लिहून घेतोय. ती म्हणते, घडांच्या विरळणीला दिवसभर बागेत बाया असतात. पानाखालचा डाग पहिल्यांदा त्यांनाच दिसतो, मालकाला संध्याकाळी कळतं, तेही बाईनं सांगितलं तर. तुझी पत्रं सगळी मालकाच्या फोनवर. बायांसाठी दोन मिनिटांचं बोलून पाठव, तुझ्या आवाजात, आपल्या बोलीत. आणि शेवटी विचार, आज पानाखाली काय दिसलं? आईचं म्हणणं आहे की तुझ्या सेन्सरपेक्षा त्या दोन घटका आधी सांगतील. मला वाटतं दोन्ही जोडलंस तर तुझं यंत्र खरं शहाणं होईल.

भाषेचं एक. एजन्सीनं तुझ्या तोंडी "क्रांतिकारी" आणि "स्मार्ट शेतकरी" असले शब्द घातले होते. ते काढ. तू "चूक माझी" लिहिणारी पोरगी आहेस. यंत्राला काय जमत नाही ते आधी लिही. भुरी रोगाचा अंदाज तुझं यंत्र अजून नीट देत नाही हे इथं सगळ्यांना माहीत आहे, फक्त तुझ्याकडून ऐकायचं बाकी आहे.

लोकांचे नंबर मात्र विकत घेऊ नकोस. आणि उत्तरं येतील ती काही महिने तरी स्वतः वाच. ज्यांना कामावरून कमी करावं लागलं त्यांचं तुला लागून राहिलंय, हेही कळतंय मला. त्यांना एकेकाला फोन कर. ते पत्रात लिहायचं नसतं.

पैशाचं आई आणि मी बोललोय. घराचा दुसरा मजला आता बांधत नाही. त्यावर फोनवर वाद घालू नकोस.

तुझ्या खोलीतलं कपाट उघडलं तेव्हा तुझा रंगीत खडूंचा डबा सापडला. फळ्याला वापरतोय. पांढरा खडू पावसाळी उजेडात दिसत नाही, पिवळा दिसतो.

येत्या शनिवारी ये. बसनं येणार असशील तर आदल्या दिवशी कळव, पोराला स्टँडवर पाठवतो. शेजारच्या दादांनी सेन्सर खोक्यातून काढलाय, पण कुठल्या ओळीत बांधायचा ते तूच येऊन दाखव म्हणतात. त्यांचा प्लॉट तेव्हा अठरा दिवसांचा असेल. लांब वायर घेऊन ये, त्यांची खांबापर्यंत पुरत नाही.

तुझे
अण्णा