रेडिओवाल्या काकांना, गिटारवाल्यांकडून

आदरणीय काका,
सा. न. वि. वि.

जालना, परभणी, लातूर, अंबाजोगाई अशा ठिकाणांहून गिटार आणि पेडलांची (पायाने दाबून गिटारचा आवाज बदलणाऱ्या डब्यांची) पिशवी घेऊन तुमच्या टेबलाशी येऊन बसणाऱ्या आम्हा सगळ्यांचं हे पत्र. गिटार तुम्ही कधी वाजवली नाही. तुमचा हात बसला तो रेडिओवर. तरी आमच्यातल्या बहुतेकांच्या पेडलबोर्डाखाली तुमचं सोल्डर आहे. समोर आभार मानले की तुम्ही चहा मागवता आणि विषय बदलता, म्हणून लिहून मानतो. तुम्ही जे शिकवलंत ते आकड्यांसकट लिहितो, म्हणजे ज्यांना संभाजीनगरला तुमच्या दुकानात यायला जमत नाही त्यांनाही ते वापरता येईल.

पहिला धडा अर्थिंगचा. टोन बिघडलाय म्हणून पेडल पुढे केलं की तुम्ही आधी विचारता, "वाजवता कुठं? तिथलं अर्थिंग बघितलं का?" आपल्याकडची काळी माती उन्हाळ्यात भेगाळते. अर्थिंगच्या खड्ड्यातलं मीठ-कोळसा कोरडं पडतं, माती प्लेटपासून सुटते आणि तिन्ही पिना जागेवर असूनही अर्थ नावापुरता उरतो. कार्यक्रमाच्या आदल्या संध्याकाळी खड्ड्यात दोन घागरी पाणी सोडायचं. मग सॉकेटवर मीटर धरायचा: फेज-न्यूट्रल २३० च्या आसपास, फेज-अर्थ जवळपास तितकंच, न्यूट्रल-अर्थ दोन-तीन व्होल्टच्या आत. न्यूट्रल-अर्थमध्ये वीस-तीस व्होल्ट दिसले तर त्या बोर्डावर अ‍ॅम्प लावायचा नाही. आणि मीटर एकटा फसवतो, हेही तुम्हीच दाखवलंत. त्याच्यातून करंट नगण्य जातो, म्हणून मोडक्या अर्थवरही तो २३० दाखवतो. फेज आणि अर्थमध्ये शंभर वॉटचा बल्ब लावला आणि तो मंद पेटला, की खरी स्थिती कळते. ही तपासणी मात्र वायरमननेच करायची, कारण अर्थ खराब असेल तर तेवढा वेळ जोडलेल्या सगळ्या धातूवर करंट येतो.

हम, म्हणजे स्पीकरमधली सततची घूं, जावा म्हणून प्लगची अर्थची पिन काढून टाकणाऱ्यांना तुम्ही कडक बोलता, ते योग्यच आहे. गिटारच्या तारा अ‍ॅम्पच्या बॉडीला जोडलेल्या असतात. अ‍ॅम्पचा अर्थ तुटला, आत कुठे गळती झाली आणि ओठ माईकला लागले, तर सर्किट माणसातून पूर्ण होतं. ब्रिटनमधला लेस हार्वी हा गिटारवादक १९७२ साली स्टेजवरच अर्थ नसलेल्या माईकला हात लागून गेला. ग्राउंड लूपचा, म्हणजे दोन वाटांनी अर्थ जोडला गेल्याने येणारा, हम काढायचा असेल तर डीआय बॉक्सवरचं (गिटार मिक्सरला जोडणाऱ्या डबीवरचं) ग्राउंड लिफ्टचं बटण दाबायचं. ते ऑडिओची शील्ड तोडतं, मेनच्या अर्थला हात लावत नाही. लाइटवाल्याचे डिमर ज्या फेजवर असतील ती फेज आपण घ्यायची नाही, एवढी विनंती साउंडवाल्याला आधीच करून ठेवायची.

मग पॉवर सप्लाय. एकाच स्वस्त अडॅप्टरवरून माळेसारखी वायर काढून सहा पेडल चालवायची सवय आम्हा सगळ्यांना होती. अशा माळेत डिजिटल डिलेच्या (प्रतिध्वनी देणाऱ्या पेडलच्या) क्लॉकची बारीक शिट्टी सामाईक ग्राउंडमधून डिस्टॉर्शनमध्ये (आवाज फाडणाऱ्या पेडलमध्ये) शिरते आणि तिथे कित्येक पटींनी मोठी होते. तुम्ही दोन वेगळे सप्लाय बांधून दिलेत, एक अ‍ॅनलॉग पेडलांना आणि एक डिजिटलला. प्रत्येकात १५ व्होल्टचा अर्ध्या अँपिअरचा ट्रान्सफॉर्मर, चार वन एन ४००७ डायोड, १००० मायक्रोफॅरड ३५ व्होल्टचा कंडेन्सर, पत्र्याचा हीटसिंक लावलेला ७८०९ (नऊ व्होल्ट स्थिर ठेवणारा रेग्युलेटर), आणि त्याच्या पायांशी ०.३३ व ०.१ मायक्रोफॅरडचे कंडेन्सर.

१२ चा ट्रान्सफॉर्मर का नको, याचं उत्तर आपल्या गावांच्या लाइनमध्ये आहे. मांडवात मेन १८० वर आला की १२ च्या ट्रान्सफॉर्मरमधून साडेनऊच्या आसपास येतात. डायोडनंतर शिखराला बारा भरत नाहीत, आणि २०० मिलिअँपिअर ओढले तर मधल्या खाचा दहापर्यंत उतरतात. ७८०९ ला पुढे नऊ काढायला मागे अकरा तरी लागतात. त्या खाचा जशाच्या तशा पेडलमध्ये जातात आणि १०० हर्ट्झची घूं सुरू होते. १५ व्होल्ट घेतले की तिथे पुरेशी जागा राहते. उलट लाइन २६० ला चढली तरी ३५ व्होल्टचा कंडेन्सर फुगत नाही. जास्तीचे व्होल्ट उष्णता होऊन बाहेर पडतात, म्हणून हीटसिंक टाळायचा नाही. ओव्हरड्राइव्हला (हलकं डिस्टॉर्शन देणाऱ्या पेडलला) दहा मिलिअँपिअरही पुरतात, डिजिटल डिले-रिव्हर्बला शंभर ते तीनशे लागू शकतात. बेरीज करायची आणि वर पाव हिस्सा शिल्लक ठेवायचा.

पिनचं गणितही इथेच सांगून टाकतो. बहुतेक पेडलना आत निगेटिव्ह, बाहेर पॉझिटिव्ह लागतं. काही कीबोर्डांचे अडॅप्टर १२ व्होल्टचे आणि नेमके उलटे असतात. असं काही लागून पेडल गप्प झालं तर ते फेकू नका. पुष्कळ पेडलमध्ये सप्लायच्या दोन टोकांवर एक संरक्षक डायोड आडवा असतो. उलटं लागलं की तो स्वतः शॉर्ट होऊन बसतो आणि पुढचं सर्किट वाचतं. मीटर दोन्ही बाजूंनी वाजला की त्या डायोडचा एक पाय उचलायचा. पेडल बोललं तर नवा वन एन ४००१ लावून काम संपलं.

काका, तुमचं सगळ्यात मोठं देणं मात्र केबलबद्दलचं आहे. "गँग (रेडिओचा ट्यूनिंग कंडेन्सर) फिरवला की रेडिओ खाली ट्यून होतो, तसंच तुमचं पिकअप ट्यून होतं," हे वाक्य ऐकेपर्यंत आम्ही महागड्या पेडलांमध्ये चकाकी शोधत होतो. पिकअप ही तारांखालची, त्यांची थरथर पकडणारी कॉइल, साधारण अडीच हेन्रीची. केबल म्हणजे कंडेन्सर, मीटरला सुमारे शंभर पिकोफॅरड. पाच मीटरच्या केबलवर त्या दोघांचं रेझोनन्स, म्हणजे आवाज जिथे सर्वांत उठून येतो ते शिखर, साडेचार किलोहर्ट्झच्या आसपास येतं आणि तार लखलखीत वाजते. गिटारपासून बोर्ड, बोर्डपासून अ‍ॅम्प आणि मधल्या पॅच केबल मिळून चौदा-पंधरा मीटर झाले, आणि सगळी पेडलं ट्रू बायपासची (बंद असताना सिग्नल तसाच पुढे सोडणारी) असली, तर तेच रेझोनन्स २.६-२.७ किलोहर्ट्झच्या आसपास घसरतं आणि आवाजावर गोणपाट टाकल्यासारखं होतं. गेलेली चकाकी अ‍ॅम्पचा ट्रेबल वाढवून भरून निघत नाही, कारण शिखरच जागेवरून हललेलं असतं. उपाय एक बफर, म्हणजे केबलचा भार पिकअपवर येऊ न देणारं छोटं सर्किट: टीएल०७२ आयसी, इनपुटला एक मेगओहम, बाहेर पडताना इतका कमी इम्पीडन्स (सिग्नलला होणारा अडथळा) की पुढची केबल त्याला जाणवत नाही. बॉस कंपनीचं एखादं पेडल साखळीच्या सुरुवातीला असेल तर हे काम आपोआप होतं, त्यांच्या बहुतेक पेडलांचा बायपास बफरचाच असतो.

हमची तपासणी आता आम्ही तुमच्यासारखी करतो. आधी गिटार एका केबलने थेट अ‍ॅम्पला. तारांना हात लावल्यावर हम कमी झाला तर वायरिंग ठीक आहे, सिंगल कॉइल (एकाच कॉइलच्या) पिकअपचा तेवढा हम राहणारच. फार असेल तर पोकळीत तांब्याची पट्टी चिकटवून ती ग्राउंडला जोडायची. हात लावल्यावर हम वाढला तर गिटारच्या जॅकवर गरम आणि ग्राउंडच्या वायरींची अदलाबदल झालेली असते. गिटार निर्दोष निघाली की साखळी अर्ध्यात तोडायची, दोष कोणत्या अर्ध्यात आहे ते बघायचं, तो अर्धा पुन्हा तोडायचा. आठ पेडलांचा बोर्ड तीन वेळांत सापडतो. दर वेळी केबल हलवून बघायची, कारण खरखरीच्या मुळाशी बहुतेकदा जॅकवरचं ड्राय सोल्डर किंवा धूळ निघते.

ट्यूब स्क्रीमर जातीच्या ओव्हरड्राइव्ह पेडलमध्ये ४५५८ आयसीजवळचा ४.७ किलोओहम आणि ०.०४७ मायक्रोफॅरड तुम्ही बोटाने दाखवला होता. ती जोडी ७२० हर्ट्झच्या खाली गेन (सिग्नल किती पट वाढतो ते) कमी करत नेते, म्हणून हे पेडल मधल्या पट्टीत बोलतं. घरी एकट्याने ऐकताना ते नाकात वाजल्यासारखं वाटतं. हळू आवाजात कानाला खर्ज आणि टीप दोन्ही कमी ऐकू येतात, हे फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ सालीच मोजून ठेवलंय. म्हणून घरी आपण ती दोन्ही वाढवतो आणि मधलं उतरवतो. तोच सेट मांडवात नेला की खर्ज बेस गिटारमध्ये बुडतो, टीप कर्कश होते आणि गिटार दिसते पण ऐकू येत नाही. तुम्ही घालून दिलेला सेट: अ‍ॅम्प किंचित फाटण्याच्या काठावर, पेडलचा ड्राइव्ह घड्याळाच्या आठ-नऊच्या काट्यावर, टोन बारावर, लेव्हल तीनवर. गेन घरी हवासा वाटतो त्याहून कमीच ठेवायचा.

ऑर्केस्ट्रात अ‍ॅम्प नसतो आणि गिटार सरळ मिक्सरला जाते, तेव्हा डिस्टॉर्शन माशी अडकल्यासारखं का वाजतं, तेही तुमच्यामुळे कळलं. गिटारचा बारा इंची स्पीकर पाच किलोहर्ट्झच्या वर फारसं काही वाजवत नाही, तोच इतकी वर्षं चाळणीचं काम करत आला. पीएच्या (कार्यक्रमाच्या मोठ्या स्पीकरांच्या) हॉर्नला ती चाळणी नाही. शेवटी कॅब सिम्युलेटर (गिटारच्या स्पीकरची नक्कल करणारा) हवाच. नसेल तर ८० हर्ट्झच्या खाली आणि ५००० हर्ट्झच्या वर कापायचं. मिक्सरचा हायचा नॉब १२ किलोहर्ट्झचा असतो, त्याने हे होत नाही. मंगल कार्यालयाचा हॉल स्वतःच घुमत असेल तर रिव्हर्ब बंद. डिले गाण्याच्या लयीशी बांधायचा: ६०००० भागिले लय (मिनिटाला ठोके), म्हणजे १२० ला ५०० मिलिसेकंद.

आता फझ, म्हणजे आवाज जाड फाडणारं पेडल. जुन्या रेडिओंच्या आउटपुटमधून काढलेले एसी१२८ हे जर्मेनियमचे ट्रान्झिस्टर तुम्ही काडेपेटीत जपून ठेवले होते आणि एकेक मोजून आमच्यासाठी जोड्या लावल्या: पहिला सत्तर-ऐंशी गेनचा, दुसरा एकशेवीसच्या आसपास, गळती कमीत कमी. फझ फेस जातीच्या फझचं सर्किट दोन ट्रान्झिस्टरांचं, पण जर्मेनियमची गळती दर आठ-दहा अंशांना जवळपास दुप्पट होते. आपला मे ४२-४३ अंशांचा. डिसेंबरमध्ये लोण्यासारखं वाजणारं पेडल तेव्हा अडखळतं, सूर विझण्याआधीच कापला जातो. तुम्ही ८.२ किलोओहमच्या रेझिस्टरच्या जागी २० किलोओहमचा प्रीसेट (फिरवून बदलता येणारा रेझिस्टर) बसवलात: दुसऱ्याच्या कलेक्टरवर उणे साडेचार व्होल्ट येईपर्यंत फिरवायचा. हे ट्रान्झिस्टर पीएनपी जातीचे, म्हणजे ग्राउंड पॉझिटिव्ह. इतरांच्या सप्लायला जोडलं तर शॉर्ट होतं, म्हणून त्याला स्वतःची नऊ व्होल्टची बॅटरी, आणि वाजवून झालं की इनपुटमधली केबल काढायची, नाहीतर बॅटरी रात्रभर उतरत राहते. फझच्या आधी बफर नको. त्याचा इनपुट इम्पीडन्स कमी असतो, त्याला थेट पिकअप मिळालं तरच गिटारचा व्हॉल्यूम सातवर आणल्यावर आवाज निवळतो. म्हणून बोर्डावर फझ पहिलं, बॉस त्याच्या मागे.

काका, यंदा लग्नसराईच्या तारखा मेमध्ये दाटल्या आहेत. तीन फझ बायस करायला, म्हणजे प्रीसेट फिरवून जागेवर आणायला, घेऊन येतो. दुपारी नाही, दुकान बंद व्हायच्या सुमारास, सातला. कार्यक्रम त्याच वेळी असतात, प्रीसेट त्याच उष्णतेत फिरवायचा हे तुम्ही बजावून ठेवलंय. त्या काडेपेटीतले उरलेले एसी१२८ तेवढे राखून ठेवा. चहा या वेळी आम्ही मागवू.

आपले,
मराठवाड्यातले गिटारवाले