कोरलच्या टँकसाठी घरी बनवलेला एलईडी लाइट

प्रिय पक्या,

माझ्या कोरलच्या टँकचा फोटो बघून तू विचारलंस की एवढा निळा लाइट कशाला आणि घरी बनवायचा खटाटोप कशासाठी, रेडीमेड मिळत नाही का. मिळतो रे, इथे न्यू जर्सीत तर पाहिजे तसा मिळतो, पण चांगला घ्यायचा तर शेकडो डॉलर, आणि तरी आत काय बसवलंय ते आपल्याला कळत नाही. व्हॉट्सॲपवर दोन ओळीत सांगून होणार नाही म्हणून निवांत बसून लिहितोय.

आधी निळ्याचं सांगतो, सगळं डिझाइन त्याच्यावरच उभं आहे. कोरल म्हणजे प्रवाळ, हा प्राणी, पण त्याच्या अंगात झुझँथेली नावाचं बारीक शैवाल राहतं आणि त्याने प्रकाशावर बनवलेल्या अन्नावर कोरलचं बरंचसं पोट भरतं. समुद्रात लाल प्रकाश वरच्या काही मीटरांतच संपतो, खाली पोचतो तो निळा, त्यामुळे या शैवालाला निळाच सगळ्यात जास्त मानवतो, साधारण ४३० ते ४७० नॅनोमीटर. आपल्या डोळ्यांचं वेगळंच, उजेडात आपल्याला ५५५ च्या आसपासचा हिरवा सगळ्यात जास्त दिसतो. म्हणून आपल्याला अंधारा वाटणारा टँक कोरलसाठी भरपूर उजेडाचा असू शकतो. लक्समीटरसुद्धा माणसाच्या डोळ्याच्या हिशोबाने बनवलेला, निळा प्रकाश त्यात फार कमी दिसतो, त्यामुळे इथे लक्स नाही तर पार मोजायचा, म्हणजे झाडा-शैवालाच्या कामाचा प्रकाश किती पडतोय ते.

पूर्वी लोक २५०-४०० वॉटचे मेटल हॅलाइड दिवे लावायचे, पाणी इतकं तापायचं की ते गार करायला वेगळा चिलर घ्यावा लागायचा. जपानमध्ये अकासाकी, अमानो आणि नाकामुरा यांनी निळा एलईडी करून दाखवला आणि त्यांना २०१४ चं फिजिक्सचं नोबेल मिळालं. माझ्या टँकवरचा प्रत्येक दिवा मी त्या कामाचं देणं मानतो, अगदी मनापासून.

आता बांधणी. टँक ६० बाय ४५ बाय ४५ सेंटीमीटर, म्हणजे सुमारे १२० लिटर. १२ रॉयल ब्लू, ८ कूल व्हाइट आणि ४ व्हायोलेट एलईडी, सगळे तीन वॉटवाले, स्टार प्लेटवर म्हणजे छोट्या ॲल्युमिनियमच्या चकतीवर बसवलेले, आणि प्रत्येक रंगाची सिरीज, म्हणजे एकामागून एक जोडलेली माळ, वेगळी. एका एलईडीला तीन-सव्वातीन व्होल्ट धरले तर निळ्या बाराला ३६-३९ व्होल्ट लागतात म्हणून ४८ व्होल्टचा एसएमपीएस (पॉवर सप्लाय) घेतला, आणि प्रत्येक सिरीजला करंट ठरलेला ठेवणारा मीनवेल कंपनीचा एलडीडी ड्रायव्हर, निळ्या-पांढऱ्याला ७०० मिलिअँपचा, व्हायोलेटला ५०० चा. इथे काटकसर करून सरळ व्होल्टेज देऊ नकोस हां, एलईडी गरम झाला की त्याचं व्होल्टेज उतरतं, मग करंट वाढतो, करंट वाढला की अजून गरम होतो, असं करत करत तो जळतोच, म्हणून ड्रायव्हर कॉन्स्टंट करंटचाच पाहिजे.

सोल्डरिंगला मला मजा आली. स्टारची पाठ ॲल्युमिनियमची, आयर्नची सगळी उष्णता खेचून घेते, म्हणून हीटसिंकवर (उष्णता बाहेर टाकणाऱ्या ॲल्युमिनियमच्या पट्टीवर) चढवायच्या आधीच लाकडी फळीवर ठेवून वायर जोडायचे दोन्ही पॅड टिन करून घेतले, म्हणजे त्यांवर आधीच सोल्डरचा थर दिला, ६० वॉटचं आयर्न, टोक रुंद. पॅडवर टेकवलं की एक-दोन क्षण काहीच होत नाही आणि मग एकदम सोल्डर चकाकत पसरतो, तिथेच थांबायचं. मग खाली थर्मल पेस्ट, अगदी पातळ, जाड थर उलट उष्णता अडवतो. स्क्रूखाली नायलॉनचे वॉशर. आणि प्रत्येक स्टार बसवल्यावर मल्टीमीटर बीपवर ठेवून एक प्रोब पॅडला, एक हीटसिंकला, बीप वाजला तर कुठेतरी शॉर्ट आहे. ही तपासणी टाळायची नाही, सगळं जोडून झाल्यावर शॉर्ट शोधणं फार किचकट.

डिमिंगसाठी, म्हणजे उजेड कमी-जास्त करायला, आर्डुइनो (प्रोग्रॅम करता येणारा छोटा बोर्ड) आणि घड्याळाचं मॉड्यूल. सकाळी निळा हळूहळू चढतो, दुपारी पाच-सहा तास पांढरा सोबत येतो, रात्री परत फक्त निळा. एलडीडीची एक गोष्ट लक्षात ठेव, डिमिंगची वायर निघाली तर लाइट बंद होत नाही, फुल होतो! म्हणून त्या पिनवर ग्राउंडला जोडलेला एक रेझिस्टर टाकलाय, सिग्नल गेला की लाइट खाली येतो. माझ्या मते या सगळ्यात वॉटपेक्षा हे डिमिंग जास्त महत्त्वाचं, कारण कोरलला कमी प्रकाशापेक्षा अचानक जास्त झालेला प्रकाश लवकर मारतो. कमी पडला तर ते तपकिरी होतं, सुधारायला वेळ मिळतो, पण एकदम वाढला तर शैवाल बाहेर पडतं आणि कोरल पांढरं पडतं. म्हणून सुरुवात पंचवीस-तीस टक्क्यांवर आणि मग दर आठवड्याला थोडं थोडं वर. सॉफ्ट कोरलना ५० ते १५० पार पुरतो, अक्रोपोरासारख्या काटेरी फांद्यांवाल्यांना २०० च्या वर लागतो.

आणि खारं पाणी! शिंतोडे उडतात, वाळतात, मिठाचा पांढरा थर चढतो आणि तांबं हिरवं पडतं. खाली ॲक्रिलिकची शीट लाव, हीटसिंकला अर्थिंग कर, आणि वायर प्लगपर्यंत नेताना खाली झोळ सोडून ने म्हणजे पाणी ओघळून सॉकेटमध्ये जाणार नाही.

तू मालवणला स्नॉर्कलिंग केल्यापासून कोरल ठेवायचं म्हणतोयस, पण ते डोक्यातून काढ भावा. भारतात दगडी प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहेत, वाघाच्या रांगेत, आणि ते बरोबरच आहे, किनाऱ्यावरचे प्रवाळ तिथेच राहिले पाहिजेत. माझ्याकडची सगळी टँकमध्येच वाढवलेल्या कोरलचे तुकडे लावून केलेली आहेत.

पण तुझ्या पाण्यातल्या झाडांच्या टँकला हाच लाइट बनवता येईल, फक्त एलईडी बदल. ६५०० केल्विनचे पांढरे जास्त आणि ६६० नॅनोमीटरचे लाल थोडे, निळ्याची एवढी गरज नाही. हीटसिंक, ड्रायव्हर, डिमिंग सगळं हेच. बुधवार पेठेत इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांतून बरंच काही मिळेल, ड्रायव्हर मात्र ओरिजनल बघून घे. टँकची लांबी-रुंदी आणि काचेपासून वाळूपर्यंतची खोली मोजून पाठव, झाडं कोणती आहेत तेही लिही, त्यावरून किती एलईडी आणि किती अंशाची लेन्स ते ठरवू. येत्या रविवारी तुझ्याकडे संध्याकाळ असेल तेव्हा व्हिडिओ कॉल करतो, सर्किट दाखवतो.

काकूंना नमस्कार सांग.

तुझा,
सुन्या