चाकाच्या डीजे बॅगेचं चुकीचं माप आणि तुटलेलं चाक याबाबत तक्रार

दिनांक : १६ जून २०२५

प्रति,
मा. तक्रार निवारण अधिकारी,
ग्राहक सेवा विभाग

विषय : ८,४९० रुपयांची डीजे रोलर बॅग तीन महिन्यांत निकामी होणे, त्यामुळे कंट्रोलरचे नुकसान होणे आणि वॉरंटी नाकारली जाणे

महोदय / महोदया,

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्हा तालुक्यातल्या एका खेड्यात राहतो. चार एकर कोरडवाहू वावर आहे. लग्नसराईत आणि सणावाराला डीजेचं काम करतो. घर या दोन्हींवर चालतं. तुमच्या संकेतस्थळावरून ३ फेब्रुवारीला मी चाकाची डीजे बॅग मागवली आणि पूर्ण पैसे आगाऊ भरले. ८ मे रोजी तिचं एक चाक बुडासकट उखडलं आणि आतला कंट्रोलर, म्हणजे डीजेची गाणी वाजवायचं आणि मिसळायचं यंत्र, खराब झाला. तुमच्या कार्यालयानं २७ मेच्या उत्तरात वॉरंटी नाकारली. ते उत्तर मला मान्य नाही. फोनवर तुमच्या माणसांनी दोन मिनिटांच्या वर ऐकून घेतलं नाही, म्हणून पेरणीचे दिवस असूनही सगळं लिहून पाठवतो आहे.

ही बॅग मी कशी निवडली, ते आधी सांगतो. कारण 'ग्राहकाने चुकीचे उत्पादन निवडले' असंही तुमच्या उत्तरात लिहिलं आहे.

माझ्याकडे पायोनियर डीजेचा डीडीजे-१००० हा कंट्रोलर आहे. तीन वर्षांपूर्वी अमरावतीहून सेकंडहँड घेतला. अर्धे पैसे सोयाबीनचे होते, अर्धे बायकोच्या बचत गटातून उचलले. लांबी ७०.८ सेंटिमीटर, रुंदी ३६.१, वजन ६ किलो. साउंडचे बॉक्स, ॲम्प्लिफायर, लाइट हे सगळं बिछायत केंद्रवाल्याच्या छोट्या हत्तीत जातं. कंट्रोलर मात्र मी त्या गाडीत कधीच टाकत नाही. वरून एखादा बॉक्स घसरला तर फेडर (आवाज कमी-जास्त करायच्या सरकपट्ट्या) आणि जॉग व्हील (गाणं पुढे-मागे करायची गोल चकती) दोन्ही जातात. तो माझ्यासोबत एसटीनं येतो. एसटी फाट्यावर सोडते, आणि फाट्यापासून गाव कधी अर्धा किलोमीटर असतं, कधी दोन.

आतापर्यंत गावच्या सुतारानं करून दिलेली प्लायवूडची पेटी होती. मजबूत होती, पण रिकामीच ९ किलो भरायची. ती खांद्यावर वाहून वाहून गेल्या वर्षी माझी कंबर धरली. डॉक्टरांनी वजन उचलायचं नाही म्हणून बजावलं. म्हणून चाकाची बॅग घ्यायची ठरवली.

पंधरा दिवस मी शोधत होतो. पाठीवरच्या बॅगा पाहिल्या, पण एवढा लांब कंट्रोलर पाठीवर आडवा घेतला तर एसटीच्या दारातून आत जाता येत नाही. ॲल्युमिनियमच्या कडांची फ्लाइट केस, म्हणजे सामान वाहायची कडक पेटी, पाहिली. तिचं वजन पाहून सोडून दिली, कारण मग कंबरेचं दुखणं जिथल्या तिथं राहिलं असतं. प्रवासाची साधी सुटकेस स्वस्तात मिळत होती. पण तिचं कापडी झाकण दबलं की सगळा भार कंट्रोलरच्या बटणांवर आणि फेडरांवर येतो, हे माझ्या एका सोबत्याच्या सामानाचं झालेलं नुकसान पाहून मला माहीत होतं. तुमच्या पानावर मात्र लिहिलं होतं : २८ इंची, २५ किलो क्षमता, हेवी ड्युटी चाकं, ऑल टेरेन, आत चारही बाजूंनी फोम. २८ इंच म्हणजे ७१.१ सेंटिमीटर. माझा कंट्रोलर ७०.८. फक्त तीन मिलिमीटर जागा उरत होती, म्हणून मला शंका आली. २ फेब्रुवारीला मी तुमच्या चॅटवर दोन प्रश्न स्पष्ट विचारले. डीडीजे-१००० यात बसेल का? खेड्यातल्या कच्च्या रस्त्यावर ही चाकं टिकतील का? उत्तर आलं, 'हो सर, दोन्हीसाठी योग्य आहे.' त्याचा स्क्रीनशॉट सोबत जोडला आहे. यापेक्षा जास्त खातरजमा एका ग्राहकानं घरी बसून कशी करायची, ते तुम्ही मला सांगा.

११ फेब्रुवारीला बॅग आली. मी टेप लावला. आतली लांबी भरली ६६ सेंटिमीटर. तुम्ही लिहिलेलं २८ इंच हे बाहेरचं माप होतं. दोन्ही टोकांना अडीच-अडीच सेंटिमीटरचा फोम होता, त्यात पाच सेंटिमीटर गेले. कंट्रोलर बसेना. दुसऱ्याच दिवशी फोन केला. परत करायची सात दिवसांची मुदत तेव्हा शिल्लक होती. मी परत करायलाच तयार होतो. तुमच्या प्रतिनिधीनं सांगितलं, 'टोकांचा फोम वेलक्रोनं लावलेला आहे, तो काढून टाका, मग बसेल.' मी काढला. कंट्रोलर घट्ट बसला. पण त्याच्या दोन्ही टोकांना आता काहीही नव्हतं, नुसतं कापड आणि पातळ प्लास्टिकची पट्टी.

ही गोष्ट नीट लक्षात घ्या, कारण पुढचं नुकसान इथूनच झालं. ही बॅग ओढताना उभी असते. म्हणजे कंट्रोलरही उभा असतो आणि त्याचं एक टोक थेट चाकांच्या वर येतं. प्रत्येक खड्ड्याचा हादरा त्या टोकालाच बसतो. फोम सगळ्यात जास्त जिथे लागतो, तिथलाच फोम तुमच्या माणसानं मला काढायला सांगितला.

८ मे रोजी दिग्रस तालुक्यातल्या एका गावात गोरज मुहूर्तावरचं लग्न होतं. साडेतीन वाजता फाट्यावर उतरलो. गाव दीड किलोमीटर. निम्मा रस्ता डांबरी, पुढे नुसती गिट्टी पसरून काम अर्धवट पडलेलं. बॅगेत कंट्रोलर, लॅपटॉप, हेडफोन, दोन कॉर्डलेस माइक, त्यांचा रिसिव्हर, वायरी आणि एक एक्स्टेन्शन बोर्ड होता. हा सगळा ऐवज मी नंतर धान्याच्या काट्यावर मोजला : १३ किलो ४०० ग्रॅम. तुम्ही सांगितलेल्या क्षमतेच्या निम्म्याहून थोडाच जास्त. गिट्टीवर मी बॅग जमेल तितकी सांभाळून ओढत होतो. दोनशे पावलंही झाली नसतील, उजवं चाक ज्या प्लास्टिकच्या खोबणीत बसतं ती खोबण तडकली, रिव्हेट निघाले आणि बॅग उजव्या टोकावर आपटली. बाकीचा रस्ता दुपट्ट्याची चुंबळ करून ती डोक्यावर घेऊन गेलो. पुढे नवरदेवाकडचा एक मुलगा मोटरसायकल घेऊन आला म्हणून पोहोचलो तरी.

मांडवात कंट्रोलर लावला तर उजव्या डेकचा (एकेक गाणं वाजवणाऱ्या दोन भागांपैकी उजव्याचा) टेम्पो स्लायडर एकाच जागी अडकलेला, आणि त्या बाजूचा कोपरा चिरलेला. डीजेच्या कामातलं ज्यांना कळतं, त्यांना हे किती मोठं आहे ते समजेल. दोन गाण्यांचा वेग जुळवल्याशिवाय एकातून दुसऱ्यात सफाईनं जाता येत नाही, आणि मी वेग याच स्लायडरनं जुळवतो. एका डेकवर आणि मोबाइलवर गाणी लावून वरात काढली. दर गाण्यानंतर पोरं नाचायची थांबायची आणि माझ्याकडे बघायची. जुळवाजुळवीत पाऊण तास आधीच गेला होता. रात्री १० नंतर ध्वनिक्षेपक बंद करावा लागतो, तो वेळ मागून वाढवून मिळत नाही. ९,००० रुपये ठरले होते, त्यांनी ६,००० दिले. त्यांची काही चूक नव्हती. त्या घरात वीस वर्षांनी लग्न होतं आणि त्यांना ठरल्याप्रमाणे वाजवून मिळालं नाही. त्याचं मला आजही वाईट वाटतं.

आता चाकाबद्दल. तुटलेलं चाक माझ्याकडे आहे. व्यास पाच सेंटिमीटर, कडक प्लास्टिक, आत बेअरिंग नाही, नुसती लोखंडी आस. असं चाक बसस्टँडच्या फरशीवर चांगलं चालेल. पण चाकाच्या निम्म्या उंचीचा दगड समोर आला की नुसतं पुढे ओढून ते चाक त्यावर चढूच शकत नाही, मग कितीही जोर लावा. अडीच सेंटिमीटरची गिट्टी तर आमच्याकडे प्रत्येक अर्धवट रस्त्यावर असते. चाक अडतं आणि ओढण्याचा सगळा जोर त्या प्लास्टिकच्या खोबणीवर जातो. आमच्याकडे बैलगाडीचं चाक छातीपर्यंत उंच ठेवत आले, ते काळ्या मातीत आणि पांदण रस्त्यांत गाडी चालावी म्हणूनच. गावच्या साध्या सुतारालाही हे कळतं. दहा-बारा सेंटिमीटरचं रबरी चाक, आत बेअरिंग, आणि खोबण रिव्हेटऐवजी नटबोल्टनं आतल्या पत्र्याला कसलेली, एवढं केलं असतं तरी ही बॅग टिकली असती. त्यासाठी हजार रुपये जास्त घेतले असते तर मी आनंदानं दिले असते. ऑल टेरेन हा शब्द वाचून बॅग घेणारा माणूस त्याच्या दारासमोरचा रस्ता डोळ्यांपुढे आणूनच घेतो.

तक्रार मी १० मे रोजी केली. पोच पाचव्या दिवशी मिळाली. ई-कॉमर्स नियम, २०२० प्रमाणे ती ४८ तासांत द्यायला हवी होती. उत्तरात तुम्ही दोन कारणं दिली. पहिलं, खडबडीत रस्त्यावरचा वापर. त्याबद्दल वर लिहिलं आहे : तुमच्या पानावर ऑल टेरेन लिहिलं होतं आणि चॅटवर कच्च्या रस्त्यासाठी होकार दिला होता. दुसरं, व्यावसायिक वापर असल्यामुळे मी ग्राहक ठरत नाही. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये स्पष्ट म्हटलं आहे की केवळ स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू व्यावसायिक हेतूत धरली जात नाही. मी एकटा माणूस आहे. माझ्याकडे नोकर नाही, दुकान नाही. ती बॅग मी स्वतः ओढतो आणि कंट्रोलरही मीच वाजवतो.

माझं म्हणणं असं. बॅगेचे ८,४९० रुपये परत द्यावेत. कंट्रोलर नागपूरला दुरुस्त करून घेतला, त्याचे ६,२०० रुपये बिलाप्रमाणे द्यावेत. दुरुस्ती होईपर्यंत दोन कार्यक्रमांना दुसऱ्याचा कंट्रोलर दिवसाला १,५०० रुपये भाड्यानं आणावा लागला, ते ३,०००. लग्नात कमी मिळालेले ३,०००. एकूण २०,६९० रुपये. नागपूरला जाण्यायेण्याचं भाडं आणि बुडालेली मजुरी मी यात धरलेली नाही. बदली बॅग मला नको, कारण तीच चाकं आणि तेच आतलं माप असेल तर पुन्हा तेच होईल.

आणखी एक गोष्ट मी मागतो आहे, आणि ती मला पैशांइतकीच महत्त्वाची वाटते. तुमच्या पानावर आतलं माप लिहा, फोम धरून. चाकाचा व्यास लिहा. चाक कशाचं आहे ते लिहा. आमच्या भागात माझ्यासारखे कितीतरी पोरं कर्ज काढून हे सामान घेतात. पुढच्या सणांसाठी त्यातलं कोणी आत्ताच बॅग शोधत असेल. यंदा, २०२५ मध्ये, ऑगस्टअखेरीस गणपती बसतात. त्याआधी तुमचं पान दुरुस्त झालं पाहिजे.

हे पत्र मिळाल्यापासून ३० दिवसांत लेखी उत्तर द्यावं. ते आलं नाही तर मी यवतमाळच्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दाखल करीन. मी राहतो त्या जिल्ह्यात ती दाखल करता येते, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क लागत नाही. तशी वेळ येऊ नये असं मला मनापासून वाटतं. माझा वेळ वावरात लागतो आहे.

बॅग, तुटलेलं चाक, निघालेले रिव्हेट आणि काढलेला फोम मी पन्नीत बांधून जसेच्या तसे ठेवले आहेत. तपासायला हवे असतील तर घेऊन जा. कुरिअरवाला आमच्या गावात येत नाही, दारव्ह्यापर्यंतच येतो. दोन दिवस आधी कळवलंत तर मी तिथं आणून देईन.

आपला,
(सही)
ता. दारव्हा, जि. यवतमाळ

सोबत : बिलाची प्रत, २ फेब्रुवारीच्या चॅटचा स्क्रीनशॉट, आतल्या मापाचे आणि तुटलेल्या चाकाचे फोटो, दुरुस्तीचं बिल, कंट्रोलर भाड्यानं आणल्याच्या दोन पावत्या, २७ मेचं आपलं उत्तर.