लक्षद्वीपच्या विहिरीत पाणी येते कुठून?

मा. संपादक,
स. न.

सुट्या जवळ आल्या की ठाणे-नवी मुंबईतल्या टूर कंपन्यांच्या जाहिरातींत लक्षद्वीप झळकू लागते. त्यावरच्या लेखांत एक वाक्य हमखास असते: 'चारी बाजूंना खारे पाणी, तरी विहिरीला गोडे पाणी, हा निसर्गाचा चमत्कार!' चमत्कार म्हटले की मोजमाप सुटते. म्हणून हे पत्र.

वस्ती असलेले तिथले सर्वांत लहान बेट बित्रा. क्षेत्रफळ ०.१०५ चौरस किलोमीटर, म्हणजे जेमतेम २६ एकर. दादरचे शिवाजी पार्कही याहून थोडे मोठे भरेल. २०११च्या जनगणनेत इथे २७१ माणसे होती. नदी नाही, ओढा नाही, मोरबेसारखे धरण तर सोडाच. जमीन म्हणजे प्रवाळाचा चुरा आणि वाळू. (त्या प्रवाळाच्या तळाशी बुडालेली ज्वालामुखीची रांग आणि आपल्या पारसिक डोंगराचा काळा दगड ही एकाच तप्तबिंदूची, म्हणजे पृथ्वीच्या पोटातून लाव्हा वर येतो अशा जागेची, लेकरे मानली जातात. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनवर लाव्हा ओतणारा तो बिंदू आज रियुनियन बेटाखाली आहे. म्हणजे नाते अगदीच परके नाही.)

पाऊस या वाळूतून सरळ खाली मुरतो. खाली समुद्राचेच पाणी असते. गोडे पाणी हलके, त्यामुळे ते खाऱ्यावर तरंगते. मध्ये जाड, कडेला पातळ, भिंगासारखे. पुस्तकी सूत्र असे की, विहिरीची पातळी समुद्राहून १ मीटर वर असेल, तर समुद्रपातळीखाली ४० मीटर गोडे पाणी असते. पण तीनशे मीटरही रुंद नसलेल्या बेटावर ही पातळी मुळात काही सेंटिमीटरच वर असते. प्रवाळ चाळणीसारखा, त्यामुळे भरती-ओहोटी दिवसातून दोनदा विहिरीत जाणवते आणि तळाशी मचूळ पाण्याचा जाड थर कायम असतो.

आता ढोबळ हिशेब. लक्षद्वीपात वर्षाला सुमारे १६०० मिलिमीटर पाऊस पडतो. बित्राच्या २६ एकरांवर ते साधारण १६-१७ कोटी लिटर होतात. ऊन आणि नारळाची झाडे आपला वाटा घेतात. एक तृतीयांश मुरले असे धरू, म्हणजे साडेपाच कोटी. यातले बरेचसे किनाऱ्याने समुद्रात झिरपत राहावेच लागते. ते वाया जात नाही, तेच खाऱ्या पाण्याला बाहेर रेटून धरते. तीस टक्के उपसा धरला तर रोजचे ४५ हजार लिटर, माणशी दीडशेहून थोडे जास्त. भागते. यात ५० खोल्यांचे हॉटेल घाला. शंभर पाहुणे, प्रत्येकी ३०० लिटर, म्हणजे ३० हजार लिटर तिकडेच गेले. गावाला उरले माणशी ५५.

बरे, पाणी पुरते की नाही एवढाच प्रश्न नाही. ते कसे उपसता यावर विहिरीचे आयुष्य ठरते. आपल्याकडे फूटव्हॉल्व्ह (पाइपच्या तोंडाची झडप) तळाशी सोडून मोटर तासभर चालवतात. तिथे हीच सवय विहीर घालवते. पंपाने पातळी १० सेंटिमीटर उतरली की खालचे खारे पाणी त्याच्या चाळीसपट, म्हणजे ४ मीटर वर चढू पाहते. भिंगच जिथे पातळ, तिथे ते थेट विहिरीत घुसते. समुद्राच्या पाण्यात लिटरमागे १९ ग्रॅम क्लोराइड असते. पिण्याच्या पाण्यात २५० मिलिग्रॅम चालते आणि दुसरा स्रोतच नसेल तर १०००. म्हणजे १०० बादल्यांत ५ बादल्या समुद्र मिसळला की विहीर हातची गेली. उपाय साधा आहे. सक्शन पाइप तरंगत्या डब्याला बांधून वरचे हातभर पाणीच खेचायचे, लहान मोटर थोडा थोडा वेळ चालवायची, टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) मीटरचा आकडा चढू लागला की बंद करायची. प्रशांत महासागरातल्या किरिबाती देशाच्या तारावा बेटावर उभ्या विहिरीऐवजी पाणीपातळीच्या जरा खाली आडवे सच्छिद्र पाइप पुरले आहेत. उपसा लांबवर विभागला जातो, एका जागी ओढ बसत नाही.

उधाणाची लाट बेटावरून फिरली तर वरूनही खारे मुरते आणि ते धुऊन काढायला पाऊसच लागतो. डिसेंबर २०१७च्या ओखी वादळात आपल्याकडे शाळांना सुटी मिळाली. लक्षद्वीपात ते आले पाऊस सरता सरता. पुढचे पाच महिने कोरडे.

छपराचे पाणी हा खरा आधार. १०० चौरस मीटर छपरावरून, पाचवा हिस्सा वाया गेला तरी, वर्षाला सव्वा लाख लिटर मिळतात. पाच माणसांना पिण्या-रांधण्यापुरते रोज ५० लिटर धरले तर १५० कोरड्या दिवसांना साडेसात हजार. १० हजारांची टाकी पुरते. पहिल्या सरीचे शे-दोनशे लिटर सोडून द्यायचे. पन्हळी पीव्हीसीच्याच हव्यात, खाऱ्या वाऱ्यात पत्रा टिकत नाही.

लक्षद्वीपची राजधानी कवरत्तीला २००५पासून समुद्राच्या पाण्यापासून गोडे पाणी करणारे संयंत्र आहे. वरचे कोमट पाणी निर्वातात उकळवायचे, साडेतीनशे मीटर खोलवरच्या थंड पाण्याने वाफ निववायची. क्षमता रोज १ लाख लिटर; घोडबंदरच्या सोसायट्यांच्या भाषेत दहा टँकर. पण पंप चालवायला वीज लागते आणि विजेसाठी लागणारे डिझेल जहाजाने येते.

तेव्हा बुकिंग करणाऱ्यांनी टूर कंपनीला नाश्त्याबरोबर आणखी दोन गोष्टी विचाराव्यात. खोलीतले पाणी विहिरीचे, छपराचे की संयंत्राचे? आणि शौचालयाचा शोषखड्डा गावच्या विहिरीपासून किती मीटरवर? कारण त्याचे पाणीही याच वाळूतून मुरते.

– एक वाचक, सानपाडा, नवी मुंबई