टिकलीची जागा

नाशिक,
१६ नोव्हेंबर

प्रिय सुलू,

तुझं पत्र मंगळवारी मिळालं. नवं निपल करून घ्यावं का, हे फोनवर विचारायची लाज वाटली म्हणून लिहिलंस, हे वाचून मी जरा वेळ तशीच बसून राहिले. होस्टेलवर एका बादलीत दोघींचे कपडे भिजवायचो आपण, आणि तुला माझी लाज वाटावी! पण खरं सांगते, मलाही हे कुणाला विचारता आलं नव्हतं. किमोबद्दल विचारता येतं, केस कधी येतील तेही विचारता येतं. निपलबद्दल विचारायचं म्हटलं की जीभच उचलत नाही. म्हणून मीही सगळं लिहूनच सांगते, काही हातचं न राखता.

आधी तुझा तो प्रश्न, "माझं का नाही वाचवलं?" गाठ निपलपासून लांब असेल आणि स्तन काढायच्या ऑपरेशनच्या वेळी निपलच्या मागचा तुकडा तपासून त्यात काही सापडलं नाही, तर हल्ली ते राखता येतं. अँजेलिना जोलीने २०१३ मध्ये स्वतःच्या ऑपरेशनबद्दल लिहिलं, तेव्हा तिचं राखलं होतं. पण तिला कॅन्सर झालेला नव्हता. होऊ नये म्हणून तिने आधीच करून घेतलं होतं. तुझी गाठ निपलच्या थेट मागे होती, माझीही तशीच. दुधाच्या सगळ्या नळ्या तिथेच येऊन मिळतात. ते ठेवणं धोक्याचं होतं, म्हणून काढलं. तुझ्या बाबतीत कुणी हयगय केली नाही, हे मनातून पार काढून टाक.

माझं तुला माहीतच आहे. २०२१ मध्ये ऑपरेशन, मग किमो, मग रेडिएशन. २०२३ मध्ये पोटाची कातडी आणि चरबी घेऊन नवा स्तन केला. ब्लाउज नीट बसायला लागला, पदर सरकला तरी धसका वाटेनासा झाला. सगळ्यांच्या मते काम संपलं होतं. पण अंघोळ करून आरशासमोर उभी राहिले की मला ती चिंध्यांची बाहुली आठवायची, आपण शिवायचो ती. अंग भरून झालंय आणि डोळे काढायचे राहिलेत, तशी. आठ महिने मी अंगावर टॉवेल असतानाच आरसा बघायचे.

जाऊबाई म्हणाल्या, "आता या वयात कशाला? कोण बघणार आहे?" वाईट मनाने म्हणाल्या नाहीत, एक भूल टळावी, एक चिरा टळावा असंच त्यांना वाटत होतं. पण सुलू, मी बघणार होते ना. रोज सकाळी मीच बघते. एवढं कारण मला पुरेसं वाटलं आणि आजही वाटतं.

आता डॉक्टर तुला ज्या दोन वाटा सांगतायत त्यांबद्दल. पहिली, तिथलीच कातडी उचलून निपल घडवायचं. माझ्या डॉक्टरांनी कागदावर काढून दाखवलं: इंग्रजी सी अक्षर आणि त्याच्या दोन बाजूंना दोन व्ही. मी घरी येऊन खाकी कागदावर ते बेतलं, कापलं आणि गुंडाळून पाहिलं. दोन व्ही एकमेकांभोवती वळतात, त्यांची भिंत होते. सी वरून टोपीसारखा बसतो. कटोरी बेतणारीला हे लगेच कळतं, तुलाही कळेल. फक्त त्या जागेला भूल देतात, तासाभराचं काम, संध्याकाळी घरी. माझ्या पोटाच्या कातडीला तशीही जाणीव नव्हती, त्यामुळे सुईसुद्धा जाणवली नाही. नंतर त्याच्यावर दाब येऊ नये म्हणून गॉझची एक चुंबळ करून भोवती बसवतात, अगदी डोक्यावर हंडा घेताना करतात तशी. ती चुंबळ मी तीन आठवडे सांभाळली. कुशीवर झोपायचं नाही, घट्ट ब्रा नाही.

आणि एक गोष्ट मला कुणीतरी आधी दहादा सांगायला हवी होती. पट्टी काढली तेव्हा ते इतकं मोठं दिसलं की मी घाबरले. रिक्षात रडले. ते मुद्दाम मोठं केलेलं असतं, कारण पहिल्या वर्षात त्याची उंची निम्म्याने, कधी त्याहूनही जास्त कमी होते. आठव्या महिन्यापर्यंत माझं दुसऱ्या बाजूच्या जवळपास आलं. काहींचं जवळजवळ सपाट होतं, मग ते पुन्हा करावं लागतं किंवा तसंच सोडून देतात. हे धरूनच चालायचं.

पण तुझं आणि माझं सारखं नाही, आणि मी हे सगळं लिहितेय त्याचं मुख्य कारण हेच. माझं निपल पोटाच्या कातडीवर घडवलंय, त्या कातडीला रेडिएशन लागलेलं नव्हतं. तुझ्या आत इम्प्लांट, म्हणजे बसवलेला कृत्रिम भाग आहे आणि वरच्या कातडीला पंचवीस दिवस रेडिएशन मिळालंय. तशी कातडी पातळ होते, तिचा रक्तपुरवठा कमी होतो. तिथे चिरा दिला तर जखम भरायला वेळ लागू शकतो, टोक काळं पडू शकतं, आणि खाली इम्प्लांट असल्यामुळे जखम उघडी राहणं परवडत नाही. त्यात तुझी शुगर. डॉक्टर "तुम्हीच ठरवा" म्हणाले असतील, पण तू त्यांना सरळ विचार: माझ्या कातडीची जाडी पाहून तुमच्या बहिणीला तुम्ही काय सांगितलं असतं? असं विचारलं की डॉक्टर खुर्ची पुढे ओढून बोलतात, हा माझा अनुभव.

दुसरी वाट टॅटूची. तिला तू नाक मुरडलंस, "गोंदवून घेऊ का आता" असं लिहिलंस. आजीच्या हातावरची तुळस आठवली ना? तसं नाही ते. सावली आणि उजेडाच्या छटा अशा भरतात की सपाट जागा उठावाची वाटते. अमेरिकेत मेरीलँडच्या फिंक्सबर्ग गावात विनी मायर्स म्हणून एक टॅटू काढणारे आहेत. आधी ते साधे टॅटू काढायचे, मग आपल्यासारख्या बायकांचं काम करायला लागले आणि त्यातच नावाजले. निपलभोवतीचा गोल मीही टॅटूनेच करून घेतला, निपल घडवल्यावर चार महिन्यांनी. पूर्वी त्या गोलासाठी जांघेतली कातडी आणून लावायचे, ती जरा काळसर असते म्हणून. म्हणजे आणखी एक जखम. मला ते नको होतं.

रंग मात्र हट्टाने नीट निवड. परदेशी तक्त्यातले गुलाबी रंग आपल्या अंगावर चालत नाहीत. माझा टॅटू करणाऱ्या बाईंनी दुसऱ्या बाजूशेजारी चार तपकिरी छटा ठेवून पाहिल्या आणि जुळणाऱ्या रंगापेक्षा एक छटा गडद घेतली, कारण पहिल्या काही आठवड्यांतच रंग उतरतो. पुढे काही वर्षांनी पुन्हा भरावा लागेल. तुझ्या कातडीवर टॅटू करायचा तरी आधी डॉक्टरांची परवानगी, आणि सुया नव्या, निर्जंतुक. बाजारातल्या दुकानात मुळीच नाही.

दुसऱ्या बाजूचं अर्धं निपल इकडे लावतात, तेही मला सुचवलं होतं. माझं मोठं आहे म्हणून जमलं असतं. मी नाही म्हटलं. त्या एका बाजूला अजून जाणीव आहे, ती पणाला लावायची माझी तयारी नव्हती. कारण हेही तुला माहीत हवं: नवीन निपल दिसतं, पण त्याला काही कळत नाही. गार वारा, पाणी, हात, काहीच नाही. ते नेहमी एकसारखंच राहतं. हे मी मान्य करून केलं.

घाई होत असेल तर सिलिकॉनचं चिकटवायचं मिळतं, दुसऱ्या बाजूचा साचा घेऊनही करून देतात. आपल्याकडच्या उन्हाळ्यात घामाने ते सुटतं आणि काहींना डिंकाची खाज येते, पण दोन महिने लावून बघायला काय हरकत आहे? मग ठरव. आणि काहीच न करणं हाही निर्णयच आहे. माझ्या ओळखीच्या दोघी तशाच आनंदात आहेत. तू तसं ठरवलंस तर मी एक अक्षर बोलणार नाही.

जागा ठरवणं मात्र डॉक्टरांवर पूर्ण सोडू नकोस. माझ्या डॉक्टरांनी ईसीजीचा स्टिकर दिला होता, घरी लावून बघा म्हणाले. तो सुटायला लागला तेव्हा मी माझी मोठी मरून टिकली घेतली. उभं राहून, खांदे सैल सोडून. आडवं पडून नाही, आडवं पडल्यावर सगळं सरकतं. तीन दिवस रोज लावून पाहिली. तिसऱ्या दिवशी हे आत आले. मी झटकन पदर घेतला. त्यांनी काही न बोलता पदर बाजूला केला, लांब जाऊन उभे राहिले, बघितलं आणि म्हणाले, "बोटभर वर." दोन वर्षांत त्यांनी तिकडे बघितलंच नव्हतं. मला दुखेल म्हणून, असं ते म्हणाले. मी धरून बसले होते की त्यांना किळस येते. त्या रात्री आम्ही खूप वेळ बोललो. टिकली बोटभर वरच लागली.

पैशांचं. माझा क्लेम पहिल्यांदा "सौंदर्यासाठीची शस्त्रक्रिया" म्हणून परत आला. विमा नियामकाने २०१९ मध्ये जे वगळायचे नियम ठरवून दिलेत, त्यात प्लास्टिक सर्जरी वगळलीय, पण अपघात, भाजणं किंवा कॅन्सरनंतरची पुनर्रचना वगळलेली नाही. डॉक्टरांकडून तसं स्पष्ट लिहून घे, "कॅन्सरनंतरची पुनर्रचना" हे शब्द हवेतच. मी तो कागद जोडला आणि पैसे मिळाले. टॅटूचे मात्र खिशातून गेले.

हे सगळं मला कुणी शिकवलं माहितीय? मुंबईला ओपीडीच्या रांगेत चिपळूणच्या एक निवृत्त शिक्षिका शेजारी बसल्या होत्या, सत्तरीच्या. मी फाइल उघडून नुसती रडत होते. त्यांनी मला हाताला धरून बाथरूममध्ये नेलं, कडी लावली आणि ब्लाउजची बटणं काढली. "बघ," म्हणाल्या, "नीट बघ. हात लावून बघ." त्यांचं नाव विचारायचंही मला सुचलं नाही.

तुझी तारीख ५ डिसेंबरची आहे ना? त्याआधी एक दिवस काढून ये. सकाळच्या गाडीने निघालीस तर जेवायला घरी पोचशील. हे ऑफिसला असतात, दुपारभर घरी कुणी नसतं. दार लावून घेऊ आणि मी तुला दाखवते. येताना टिकल्यांचं पाकीट आण, मोठ्या आकाराच्या.

तुझी,
मंगल