रविवारची बैठक : विषय अँडरसन

मंडळी, रविवारी संध्याकाळी 5 ला राजारामपुरीतल्या नेहमीच्या खोलीत जमायचंय. विषय अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञ फिलिप अँडरसन यांची कारकीर्द. 1949 मध्ये हार्वर्डची पीएचडी, लगेच बेल लॅब्ज, पुढं केंब्रिज, प्रिन्स्टन; हे दोन मिनिटांत उरकू. खरा वेळ 1958 च्या शोधनिबंधाला द्यायचाय: पदार्थाची आतली मांडणी पुरेशी विस्कटली की इलेक्ट्रॉनची लाट पसरतच नाही, जागच्या जागी अडकते. 1977 च्या नोबेलमागं हेही काम होतं. सोबत अँडरसन यांचे गुरू व्हॅन व्लेक आणि ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञ मॉट. गुरू-शिष्य एकाच पारितोषिकात, मला तर याचंच जास्त कौतुक! मागच्या वेळी प्रोजेक्टर रुसला, म्हणून आता फळाच. खडू मी आणतो, भडंग कुणीतरी आणा. गाड्या गल्लीत आडव्या लावू नका, शेजारच्या काकू चिडतात.